आमची हस्तलिखिते रद्दीत का गेली? शाळेच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त मंडळ,
आमच्या शाळेची शिक्षण संस्था, सोलापूर.

विषय : जुन्या इमारतीतील हस्तलिखिते, छायाचित्रे व अभिलेख रद्दीत विकल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मार्च १९९४ मध्ये आपल्या शाळेतून दहावीची परीक्षा दिलेल्या वर्गाच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. शाळेचे आणि संस्थेचे नाव यात लिहिलेले नाही, कारण आज तिथे शिकत असलेल्या मुलांना आणि मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकांना या प्रकरणाचा त्रास व्हावा अशी आमच्यापैकी कोणाचीही इच्छा नाही. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे, त्यांना हे पत्र आपल्यालाच आहे हे वाचताक्षणी कळेल. याआधी आम्ही दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली, दुसरा स्वीकारण्यास कार्यालयाने नकार दिला. तिसरा अर्ज घेऊन पुन्हा त्याच खिडकीसमोर उभे राहण्यापेक्षा जे म्हणायचे ते सोलापूरकरांसमोर म्हणावे, असे आम्ही सर्वांनी बसून ठरवले.

घडले ते असे. मे महिन्याच्या अखेरीस, टॉवेलचा छोटा कारखाना चालवणारा आमचा एक वर्गमित्र गठ्ठ्यांखाली घालण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे आणायला रद्दीच्या दुकानात गेला होता. काट्यावर चढवलेल्या ढिगात, हजेरीपटांच्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या मधून त्याला चादरीच्या कापडाचा एक कोपरा बाहेर आलेला दिसला. तांबड्या जमिनीवर पिवळा मोर, आणि मोराच्या पिसाऱ्यात एका जागी चुकलेला धागा. ती चूक त्याने ओळखली, कारण ते कापड त्याच्या वडिलांच्या मागावरचे होते. जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पट्टीत एक भोक चुकल्यामुळे विक्रीतून बाजूला काढलेला तो तुकडा त्यानेच दहावीत असताना शाळेत आणून दिला होता, आणि आमच्या वर्गाच्या हस्तलिखिताला त्याच कापडाची बांधणी झाली होती. रद्दीच्या भावाने पैसे मोजून त्याने ते सोडवून आणले. अशी आणखी पुष्कळ बाडे आली होती आणि त्यांतली बहुतेक आदल्या आठवड्यातच पुठ्ठ्याच्या कारखान्याकडे रवाना झाली, असे दुकानदाराने त्याला सांगितले. दुकानदाराचा यात काहीही दोष नाही. त्याला ती शाळेतूनच, वजन करून, विकली गेली होती.

आज ज्यांची मुले शाळेत आहेत अशा पालकांना हस्तलिखित म्हणजे काय हे कदाचित सांगावे लागेल. आमच्या शाळेत दहावीचा वर्ग दरवर्षी एक वार्षिक अंक स्वतः लिहून काढत असे. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर शिसपेन्सिलीने हलक्या रेघा आखायच्या, कटनिबने शीर्षके काढायची, सुवाच्य अक्षराच्या तीन-चार मुलामुलींनी सगळ्यांचे लेखन उतरवून घ्यायचे, चित्रकलेच्या बाईंनी पान पाहून होकार दिल्याशिवाय पुढच्या पानाला हात लावायचा नाही, आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन व्हायचे. त्याची प्रत एकच असे. छापलेल्या पुस्तकाची प्रत हरवली तर दुसरी मिळवता येते, हस्तलिखिताच्या बाबतीत तशी सोयच नसते. ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात वर्षावार लावून ठेवलेले ते अंक आम्ही पाचवीपासून बाहेरून पाहत आलो होतो, आणि एक दिवस आपल्या वर्गाचाही अंक त्या रांगेत जाऊन बसेल या आशेने मराठीचा निबंध जपून लिहीत आलो होतो.

त्या वर्षी अक्षर काढणाऱ्यांत मी होते. दोन महिने रोज रात्री जेवणे आटोपल्यावर आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असे आणि मी तिच्या शेजारी, खोलीतल्या एकुलत्या एका बल्बखाली, पाने उतरवत असे. ओल्या शाईवर तंबाखूचा कण उडू नये म्हणून ती माझ्याकडे पाठ करून बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. अंकाचे प्रकाशन झाले त्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्या शाळेत आली, आणि बोटांचा वास पानाला लागेल म्हणून पदराच्या टोकाने एकेक पान उलटून तिने सगळा अंक पाहिला.

त्या अंकात काय होते हे आपण पाहिलेले नाही. पाहिले असते तर तो विकला गेला नसता असे मला आजही वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या वर्गातले कोणीही विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका पाहून उशिरा झोपलेल्या गावाला चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने हलवून उठवले. सकाळी शाळा भरली, पण मुख्याध्यापकांनी कोणालाही वर्गात जाऊ दिले नाही आणि आम्हाला मैदानावर कडुनिंबाखाली बसवले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलकडे येऊ लागल्या, तेव्हा काय झाले आहे याची खरी कल्पना आली. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोळ सास्तूरच्या बाजूला होते. ती त्या दिवसापासून तीन आठवडे शाळेत आली नाही, आणि परत आल्यावर कोणाशीही बोलली नाही. पुढे दोन महिन्यांनी तिने मराठीच्या सरांच्या हातात चार पाने आणून ठेवली. आजीचे घर कसे होते, परड्यात काय काय लावलेले होते, कोणत्या कोनाड्यात आजी गूळ ठेवत असे, एवढेच त्या चार पानांत आहे. भूकंप हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही. सरांनी त्यातले एक अक्षरही बदलू दिले नाही. तो लेख मी माझ्या हाताने उतरवला आहे.

त्याच लेखाच्या पुढच्या पानावर एका मुलाने दहावी अ च्या खोलीतल्या उत्तरेकडच्या भिंतीचे पेन्सिलचित्र काढले आहे. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत गेलेला तडा त्याने पट्टीने मोजून, खाली लांबी लिहून दाखवला आहे. आज इमारत धोकादायक ठरवताना ज्या भिंतीचा उल्लेख झाला ती भिंत हीच आहे. शाळेच्या कोणत्याही कार्यालयीन कागदाच्या आधी एका पंधरा वर्षांच्या मुलाने त्या तड्याची नोंद करून ठेवली होती, आणि ती नोंद आपल्या कार्यालयाने किलोवर विकली.

आणखी एका पानाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुले घरी मराठी बोलत नसत. कोणाच्या घरी तेलुगू होती, कोणाच्या कन्नड, कोणाच्या उर्दू, आणि शाळेत मात्र सगळे एकाच बाकावर मराठी कुमारभारती वाचत होते. सोलापुरात यात नवल असे काही नाही, पण मराठीच्या सरांनी त्याचे मोल ओळखले आणि ‘घरची भाषा’ नावाचे एक पान करायला लावले. प्रत्येकाने आपल्या घरातला एक शब्द, एक म्हण किंवा एक गाणे देवनागरीत लिहून शेजारी मराठी अर्थ द्यायचा. पानाच्या चार कोपऱ्यांत अम्मा, अव्वा, अम्मी आणि आई असे चार शब्द लिहिलेले आहेत. मी आईकडून एक लालीपाट, म्हणजे पाळणागीत, ऐकून लिहून घेतले. विड्यांची हजारी पुरी करता करता ती एकेक ओळ म्हणायची आणि मी अर्थ विचारत राहायची. काही शब्दांचा अर्थ तिलाही सांगता आला नाही, तिथे मी मोकळी जागा सोडली आहे. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. तिचे शब्द कागदावर उतरलेले असे ठिकाण माझ्या माहितीत एकच आहे, आणि ते पान वजनकाट्यावरून परत आले आहे. आमच्या वर्गाला ते योगायोगाने मिळाले. ज्या वर्गांचे अंक गेले, त्यांच्यातही कोणाची आई असेल, कोणाचे आजोळ असेल. त्यांना अजून हे ठाऊकसुद्धा नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णय घेण्याच्या पद्धतीविषयी आहे. जुनी इमारत रिकामी करताना ‘निरुपयोगी कागदपत्रे व साहित्य’ विकण्याचा ठराव झाला आणि त्याची सूचना शाळेच्या आवारातल्या फलकावर मे महिन्याच्या सुट्टीत लावण्यात आली. त्या काळात आवारात पहारेकऱ्याशिवाय कोणी नसते. आमच्या वर्गातले लोक आज पुण्यात, भिवंडीत, हैदराबादेत पोटापाण्यासाठी विखुरलेले आहेत, पण जे सोलापुरातच, शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहतात त्यांनाही काही कळले नाही. ज्यांनी हयात त्या ग्रंथालयात घालवली त्या निवृत्त ग्रंथपाल बाईंना विचारले गेले नाही. निवृत्त शिक्षकांपैकी कोणालाही विचारले गेले नाही. नव्या इमारतीच्या निधीसाठी माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर मिळवणे शाळेला शक्य झाले होते. तेच नंबर या वेळीही हाताशी होते.

दुसरी तक्रार ‘निरुपयोगी’ या शब्दाविषयी आहे, आणि आम्हाला ती सर्वांत गंभीर वाटते. शाळेतली खुर्ची मोडली तरी ती परस्पर विकता येत नाही. तिची जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) नोंद असते, ती निर्लेखित, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी, करावी लागते, त्यावर सह्या व्हाव्या लागतात. ग्रंथालयातल्या पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. हस्तलिखितांना यांतले काहीच नव्हते, कारण ती कोणी विकत घेतलेली नव्हती, मुलांनी केलेली होती. म्हणून खुर्च्या-बाकांचा हिशेब राहिला आणि पस्तीसच्या आसपास वर्षांचे मुलांचे लेखन एकाही यादीवर न येता गेले. नेमके किती अंक होते, कोणत्या वर्षांचे होते, कोणते विकले गेले आणि कोणते शिल्लक आहेत, हे आम्ही पहिल्या अर्जात विचारले होते. आपल्या कार्यालयाकडे याचे उत्तर नाही. उत्तर नसणे हीच आमची तक्रार आहे.

त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात शाळेला भेट देणाऱ्यांच्या अभिप्रायांचे जुने शेरेबुक होते आणि दरवर्षीच्या दहावीच्या वर्गाची पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे होती. त्यांचाही पत्ता नाही.

तिसरी तक्रार जनरल रजिस्टरविषयी, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीविषयी आहे. ही गोष्ट आठवणींपुरती नाही, तिच्यावर घरेच्या घरे अवलंबून आहेत. माध्यमिक शाळा संहितेनुसार जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जपायचे असते, हे आपल्याला आम्ही सांगण्याची गरज नाही. पण आपल्या शाळेत शिकलेल्या गिरणी कामगारांच्या, विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या घरांत त्या एका नोंदीला काय किंमत आहे, हे पुन्हा एकदा लक्षात घ्यावे अशी विनंती आहे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत जन्माची नोंद करण्याची पद्धत फारशी नव्हती. गाव सोडून मागावर काम करायला आलेल्या माणसाच्या मुलाचे नाव, जन्मगाव, जन्मतारीख आणि जात हे सर्व सरकारमान्य कागदावर पहिल्यांदा आले ते त्याला शाळेत घालताना. आज नातवंडांच्या जातप्रमाणपत्राची पडताळणी करताना जुना पुरावा मागितला जातो, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. तेव्हा पुष्कळ घरांकडे दाखवायला शाळेच्या रजिस्टरातली ती एकच ओळ असते. आमच्या एका वर्गमैत्रिणीचे वडीलही याच शाळेत शिकले होते. मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी तिला वडिलांच्या नोंदीचा उतारा हवा होता. ती चार वेळा कार्यालयात गेली. पहिल्या तीन वेळा ‘जुनी रजिस्टरे हलवली आहेत’ हे उत्तर मिळाले आणि चौथ्या वेळी ‘त्या वर्षांचे सापडत नाही’ हे. मुदत संपली. ते रजिस्टर हस्तलिखितांबरोबरच गेले की अन्य कुठे आहे, हे आम्हाला सांगता येत नाही, आणि आपले कार्यालयही सांगत नाही.

शेवटची तक्रार आम्हाला मिळालेल्या उत्तराविषयी आहे. नव्या इमारतीत जागा नाही, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. नव्या इमारतीचा नकाशा आम्ही पाहिला आहे. तीन मजल्यांत एका कपाटाची जागा निघत नाही हे आम्हाला पटत नाही.

आमचा नव्या इमारतीला विरोध नाही, हे स्पष्टपणे नोंदवू इच्छितो. पावसाळ्यात दहावीच्या खोलीत छताखाली बादली ठेवून आम्ही भूमितीचे तास केले आहेत, मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होईपर्यंत त्या पत्र्याच्या वर्गांत किती तापायचे हे आम्हाला माहीत आहे, आणि तडा गेलेल्या भिंतीखाली कोणाचेही मूल बसू नये असेच आम्हालाही वाटते. इमारत पाडावी लागली तर पाडावी. पण दगड आणि कागद यांत फरक आहे. दगड जुना झाल्याने धोकादायक होतो, त्या कागदांपासून कोणालाही धोका नव्हता.

आणि हे सोलापुरात व्हावे याचे दुःख अधिक आहे. याच शहराने भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. दर १२ जानेवारीला आपणच आम्हाला प्रभातफेरीने चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापर्यंत नेत होता आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी झाली, हे आम्हाला पाठ करायला लावत होता. पुढे त्याच आठवड्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असे, होम मैदानावर जायची घाई असे, तरी ती चार नावे चुकली तर सर घरी सोडत नसत. नावे लक्षात ठेवायची असतात, हे आम्ही या शाळेतच शिकलो. त्या शाळेने आपल्याच मुलांची नावे असलेली पाने जपली नाहीत, हे आम्ही कोणत्या तोंडाने आमच्या मुलांना सांगावे?

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतली एकही अशक्य नाही. जुन्या इमारतीतून हलवलेल्या आणि अजून शिल्लक असलेल्या कोणत्याही कागदाची, वहीची, छायाचित्राची विक्री आजपासून थांबवावी. काय विकले, कोणाला विकले, किती वजनाचे विकले आणि कोणाच्या सहीने विकले, याची यादी प्रसिद्ध करावी. ज्या दुकानातून आमचा अंक मिळाला, तिथे संस्थेने स्वतः जाऊन उरलेले काही असेल तर ते परत घ्यावे. ते पैसे आम्ही देऊ. जनरल रजिस्टरच्या सर्व खंडांची वर्षावार यादी कार्यालयाबाहेर लावावी, जे खंड मिळत नाहीत त्यांच्याविषयी शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, आणि उतारा मागायला येणाऱ्या माणसाला तो का मिळत नाही हे लेखी द्यावे. तोंडी उत्तर घेऊन गेलेल्या माणसाला पुढे कुठेच दाद मागता येत नाही.

याशिवाय नव्या इमारतीच्या ग्रंथालयात शाळेच्या अभिलेखांसाठी एक कपाट असावे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूची नोंदवहीत नोंद असावी. कपाटाचा खर्च आमचा वर्ग करील, आणि त्यावर आमच्या वर्गाचे नाव घालण्याची अट नाही. सर्व जुन्या पानांचे स्कॅनिंग करून देण्याची तयारी आमच्यापैकी दोघांनी दाखवली आहे. हे संस्थेला जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. मग उरलेले साहित्य हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक वाचनालयाकडे किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे सोपवता येईल का, हे आम्ही आपल्याबरोबर येऊन विचारू. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे आणि शाळा सरकारी अनुदानावर चालते. तिथला कागद ही कोणा एकाची खासगी मालमत्ता नाही, एवढे ध्यानात ठेवून निर्णय व्हावा.

या पत्राचे उत्तर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि लेखी मिळावे, ही विनंती. विश्वस्त मंडळाने भेटीची वेळ दिली तर सोलापुरातले आम्ही अकरा जण केव्हाही येऊ, बाहेरगावचे रविवारी येतील.

१९९३-९४ चा अंक सध्या माझ्या घरी आहे. चादरीची बांधणी एका बाजूने उसवली आहे आणि शेवटच्या चार पानांना ओल लागली आहे, बाकी अक्षर स्वच्छ वाचता येते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, धुतलेल्या सुती कापडात तो गुंडाळून ठेवला आहे. तो शाळेचा आहे, आमचा नाही, म्हणून नोंद असलेले आणि कुलूप लागणारे कपाट तयार झाले की त्याच दिवशी मी तो आणून ग्रंथालयात जमा करीन आणि त्याची पोच घेईन.

आपली नम्र,
मार्च १९९४ च्या दहावीच्या वर्गाच्या वतीने
एक माजी विद्यार्थिनी